जड नाव

हे दोघे एकच आहेत का, असं पडद्यावर उमटलं आणि सवयीने 'हो'कडे निघालेला पुर्वांतीचा हात वाटेतच थांबला. सकाळपासून ती हेच करत होती. डावीकडे एक केसपेपर, उजवीकडे एक, मधोमध प्रश्न आणि खाली तीन चौकोन: हो, नाही, नंतर. डावीकडची म्हातारी आणि उजवीकडची म्हातारी एकच असली की हो दाबायचं. मग यंत्र दोघींना ओढून जवळ आणतं, दोन म्हाताऱ्यांची एक म्हातारी होते आणि तिची दोन्हीकडची दुखणी एकाखाली एक नीट लागतात. या कामात विचार करायचा नसतो, बोट शिकलेलं असतं. पण आता डावीकडे वालुयो होता आणि उजवीकडे जगद. जन्मतारीख तीच, नदीकाठची गल्ली तीच आणि आईच्या रकान्यात दोन्हीकडे पुर्वांती. वालुयोपुढे राखाडी अक्षरांत 'मृत' होतं. जगदपुढे हिरव्या अक्षरांत 'हयात'. तिने चष्मा काढला, अंगातल्या केबायाच्या, त्या लांब बाह्यांच्या पोलक्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. हयातच होतं. सरकारच्या लेखी जगद एकवीस वर्षांचा धडधाकट मुलगा होता, फक्त बरीच वर्षं दवाखान्याकडे फिरकला नव्हता.

गुरुवार होता. जावातल्या सोलो शहरात गुरुवारी सरकारी नोकरांनी आजा-आजीच्या वेशात यायचं असतं, त्यामुळे शहरातलं सगळ्यात नवं यंत्र चालवायला घट्ट केबाया घातलेल्या बायका आणि डोक्याला बांधीव पगड्या लावलेले पुरुष बसले होते. लग्नाला निघालेली माणसं वाटेत इथेच अडकल्यासारखी. ही खोली पूर्वी इस्पितळाच्या चादरी ठेवायची होती. आता तिथे दिवसभर गार हवा सोडलेली असते, माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. तळघरातल्या फायली, वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या, कंत्राटी पोरांनी वर्षभर पानापानाचे फोटो काढून आत ढकलल्या होत्या. मागोमाग शहरभरच्या वस्त्यांमधल्या सरकारी दवाखान्यांचे केसपेपर आले आणि सगळं एका धाग्यात ओवायचं ठरलं. 'एक माणूस, एक क्रमांक' असं जिन्यापासून संडासाच्या दारापर्यंत चिकटवलं होतं. सोमवारी महापौर येऊन बटण दाबणार होते. पुर्वांतीला हे सगळं मनापासून आवडलं होतं. उमेदीची सगळी वर्षं तळघरात फायली हुडकण्यात गेलेल्या बाईला ते आवडणार नाही तर कुणाला आवडेल? फाइल सापडत नाही म्हणून ताप अंगात घेऊन बाकावर ताटकळलेली माणसं तिने पाहिली होती. नदीपलीकडून दोन बस बदलून आलेली बाई 'उद्या या' ऐकून उठते, तेव्हा तिची पाठ कशी दिसते हे तिला माहीत होतं. कुणी हरवू नये, एवढंच तिचं साधं म्हणणं. आणि आज कुणीच हरवलं नव्हतं. घोटाळा झाला तो तिथेच.

"बू, झोप लागली का?" सहातने मागून विचारलं. बू म्हणजे बाई; पुरुषाला पाक म्हणतात. सहात सुमात्रा बेटावरच्या बाताक जमातीतला. या कामासाठी राजधानीहून पाठवलेला, तिच्या मुलापेक्षा थोडाच मोठा. गुरुवारची पगडी त्याच्या रुंद कपाळावर कधी नीट बसत नसे आणि तो ती सारखी मागे सरकवत असे.

"नाही रे. डोळे चुरचुरतात या थंडीत."

"एक जोडी किती वेळ धरून बसलात. अवघड आहे का?" तो वाकला तशी तिने घाईने हात पुढे केला आणि पाण्याचा पेला उचलायच्या निमित्ताने पडद्याला आडवी आली. त्याने ते पाहिलं नसावं. "तुम्हा जावानी लोकांचं काही खरं नाही बू. एक तर माणसाला नाव एकच, आडनावाचा पत्ता नाही. आणि तेही मध्येच बदलून मोकळे. अर्ध्या जोड्या तुमच्या या खोडीमुळे आहेत. आमच्यात बघा, आडनाव मेलं तरी सुटत नाही. कुठेही पळून जा, सासरचे बरोबर हुडकून काढतात."

"तुझं लग्न तरी झालंय का?"

"नाही, म्हणून तर अजून सापडलो नाही." तो हसला. "पण खरंच सांगा, पोर आजारी पडलं की नाव का बदलायचं?"

"नाव जड होतं म्हणून. पोराला पेलत नाही. मग हलकं ठेवायचं. तुमच्याकडे काय करतात पोर आजारी पडलं तर?"

"डॉक्टरकडे नेतो, बू," तो म्हणाला.

त्याने ते चिडवायला म्हटलं होतं. पलीकडच्या टेबलावरच्या बायका हसल्या, पुर्वांतीही हसली. मग तिने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं की 'नंतर' दाबलं तर ते किती दिवस राहतं. उद्या दुपारपर्यंत, सहात म्हणाला. नमाजानंतर उरलेल्या सगळ्या जोड्या यंत्र स्वतःच ठरवेल. आईचा क्रमांक आणि जन्मतारीख जुळली तर हो. आणि जोडल्यावर? जोडल्यावर घरच्यांच्या फोनवर निरोप जातो. पहिल्या दुखण्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं ओळीने, राहिलेल्या लशी, चुकलेली इंजेक्शनं, काही चूक असेल तर कळवा म्हणून. "लोकांना आपली स्वतःची कहाणी हातात मिळायला हवी ना," असं म्हणून तो पगडी मागे सरकवत पुढच्या टेबलाकडे गेला. त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. वालुयोच्या केसपेपरावर घरचा फोन म्हणून हार्जितोचा नंबर होता. तिच्या नवऱ्याचा.

गुडघा दुखतो म्हणाला तेव्हा जगद सहा वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी गुडघा बरा आणि कोपर सुजलेलं, मग घोटा. दुखणं सांध्यासांध्यातून बिऱ्हाड बदलत फिरत होतं. वस्तीतल्या दवाखान्यात तेव्हा कुठल्याशा बेटावरून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिने नळी त्याच्या छातीवर ठेवली आणि इतका वेळ ऐकत राहिली, की आत कुणी गोष्ट सांगतंय असं पुर्वांतीला वाटलं. तापाने काळजाच्या झडपांना धरलंय, डॉक्टरीण म्हणाली, पण वेळेत आलात. दर महिन्याला एक इंजेक्शन, मोठा होईपर्यंत. चुकवायचं नाही. ते औषध दाट पांढरं असे, सुई जाड असे आणि इंजेक्शन झाल्यावर तो दोन दिवस एक पाय ओढत चाले. आदल्या रात्री जेवत नसे. दवाखान्यातल्या बाकावर तिच्या मांडीला चिकटून बसे आणि भोंग्यातून त्याच्या नावाची हाक आली की अंगावर पाणी पडल्यासारखा दचके. पुढे पुढे घरीही दचकायला लागला. जेवायला हाक मारली तरी आधी घाबरायचा, मग ओ द्यायचा. ते सासूबाईंनी ओळखलं. चुलीपुढे बसून त्या म्हणाल्या, स्वतःच्याच नावाला घाबरणारं पोर मी नाही बाई पाहिलं. एवढंसं ते आणि नाव काय तर जगद, सगळं जग घेतलंय डोक्यावर. मोडेल नाही तर काय?

नाव पुर्वांतीने ठेवलं होतं. प्रसूतीनंतर परिचारिकेने तो उशाशी आणून ठेवला तेव्हा खिडकीत काही नव्हतं, नुसतं पांढरं आभाळ आणि पाण्याची टाकी. पण तिला एकदम वाटलं, की आता बाहेर काही नसलं तरी चालेल. हार्जितोला ते नाव फार आवडलं. तो मोटारसायकलींच्या सीटा शिवणारा माणूस. बोलायला कमी, पण या एका बाबतीत तो उधळा होता. पोर झालं की जावानी नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. तो बुने म्हणतो, म्हणजे पोराची आई, आणि ती त्याला पाकने म्हणते. बाकीचे तेवढ्यावर थांबतात. हार्जितो मात्र पोराच्या नावासकट पूर्ण म्हणायचा, गल्लीच्या तोंडापासून, दुकानातल्या लोकांदेखत: बुने जगद, सुई कुठे ठेवलीस? बुने जगद, पाऊस येतोय, कपडे काढ. त्या हाकेत तिला वाटे की आपण कुणीतरी आहोत. शेजारणी चिडवायच्या, की या बाईला नवऱ्याने अख्खं जग बांधून दिलंय.

नाव बदललं ती संध्याकाळ तिला अजून वासासकट आठवते. लाल गुळाची खीर, पांढरी खीर, नारळाचं दूध किंचित लागलेलं. गल्लीतले दहा-बारा पुरुष चटईवर बसले होते. म्हाताऱ्या मौलवींनी दुआ म्हटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या घरच्या मुलाचं नाव आजपासून वालुयो. वालुयो म्हणजे बरा झालेला. झाडावरून उतरवलेल्या फळासारखं हलकं, साधं नाव. सासूबाईंनी ताकीद दिली, की आता कुणी जुनं नाव तोंडात आणायचं नाही, चुकूनसुद्धा नाही. ते नाव दुखणं घेऊन निघालंय, मागून हाक मारली तर वळून बघेल. पोर आजीच्या मांडीवर बसून बोटाने लाल खीर चाटत होतं. "मग जगद कुठे गेला?" त्याने विचारलं. लांब गेला, आजी म्हणाली, दुखणं घेऊन गेला. त्याने बराच विचार केला. "मग इंजेक्शन पण आता तोच घेईल ना?" चटईवरचे सगळे पुरुष खो खो हसले. मौलवीसुद्धा हसले. हार्जितोने त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, हो रे राजा, तोच घेईल. डोळ्यांतलं पाणी पुसत पुर्वांतीही हसत होती, आणि तिला तेव्हा इतकं सुख झालं होतं की ते सुख खोटं होतं असं आजही तिच्याने म्हणवत नाही.

पुढच्या महिन्याची तारीख आली. ती कुणीही विसरलं नव्हतं. पण दवाखान्याच्या भोंग्यातून हाक जगदच्या नावाने येणार होती, आणि त्या हाकेला ओ द्यायची कुणी? एवढं करून सवरून त्याच नावाने दुखण्याला परत बोलवायचं का, असं सासूबाईंनी एकदाच विचारलं. हार्जितोने सकाळी मोटारसायकल बाहेर काढली नाही. पुर्वांतीने पिशवीत पाण्याची बाटली भरली नाही. नको असं कुणी म्हणालं नाही. तिघंही घरात इकडून तिकडे फिरत होती, आणि पोर अंगणातल्या पेरूच्या झाडावर चढून पाय हलवत बसलं होतं, दोन्ही पाय, एकही ओढत नव्हतं. तेवढं पुरलं. डॉक्टरीण बदलून गेली होती, कुणी विचारायला आलं नाही. आणि वालुयो खरंच बरा झाला. दचकणं थांबलं, भूक लागायला लागली. नदीत पोहला, गल्लीतल्या पोरांची डोकी फोडली, स्वतःचंही एकदा फोडून घेतलं. त्याच्या कपाळाचे टाके इस्पितळात नव्या नावाच्या नव्या केसपेपरावर लिहिले गेले. शाळा संपल्यावर बापाच्या हाताखाली सीटा शिवायला बसला. टाके घालताना शीळ घालायचा. रेक्झिनच्या वासाचा, लांब हातांचा, आईला खांद्यावर थापट्या मारून बोलणारा वालुयो. तिने त्याच्यावर काही कमी माया केली नाही, हे ती कुणालाही शपथेवर सांगेल.

पण जगद तिच्या मनात त्या बाकावरच बसून राहिला. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते नव्हतंच. वालुयो वाढत गेला आणि जगद वाढला नाही. त्याचा पिवळा सदरा, गुडघ्यावर ठेवलेले हात, भोंग्याकडे लागलेले डोळे. सगळे त्याला तिथे ठेवून घरी निघून आले होते आणि तो आपला शहाण्यासारखा थांबला होता, कारण आई पाण्याची बाटली भरून आणते म्हणून गेली होती. कधी कामावरून येताना त्या दवाखान्यावरून जायची वेळ आली तर ती रस्ता ओलांडून पलीकडून जाई. आणि वालुयो गेल्यावर, त्याला मातीत ठेवून आल्यावर, मनातली ती जागा तिला एकदम वेगळी वाटायला लागली. एक तरी आहे. बाकावर का होईना, सहा वर्षांचा का होईना, एक अजून बसलेला आहे. आज यंत्रानेही हिरव्या अक्षरांत तेच सांगितलं होतं. हो दाबायचं म्हणजे त्या बाकापाशी जाऊन स्वतःच्या हाताने त्याला उठवायचं आणि राखाडी करायचं. 'नाही' दाबलं तर तो राहील. उद्या एखाद्या लशीचं बोलावणं त्याला येईल, मतदानाच्या वयाचा म्हणून मोजला जाईल, म्हाताराही होईल. खोटा असेना. या शहरात खोटे पेन्शनर म्हातारे होतात, तर एक पोर का नाही?

अठरावं सरताना वालुयोला जिना चढवेना. मग झोपवेना, तो भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. इस्पितळात दाखल केलं तेव्हा पुर्वांती तळघरात त्याचाच केसपेपर हुडकत होती, आपला असून तो तिला सापडत नव्हता, आणि सापडला तेव्हा त्यात कपाळाच्या टाक्यांशिवाय काही नव्हतं. तोवर वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनी हार्जितोला विचारून झालं होतं: लहानपणी सांधे सुजले होते का? महिन्याच्या महिन्याला कसली इंजेक्शनं चालू होती का? नाही, हार्जितो म्हणाला होता, स्पष्ट आवाजात, तसं काही नाही. तिला ते नंतर परिचारिकेने सांगितलं. त्याच संध्याकाळी पुर्वांतीने डॉक्टरांना एकट्याला गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आता त्याने फरक पडत नाही, झडपा गेल्यात, ते म्हणाले, हेच जर तेव्हा, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते गिळलेलं वाक्य तेव्हापासून पुर्वांतीच्या घशात आहे. हार्जितोला तिने ते कधी दिलं नाही. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्या सुटल्या. पण हार्जितोकडे आता होतं काय? सीटा शिवायच्या दुकानात पोराचा पाट रिकामा, आणि तोंडात एकच वाक्य. कुणी भेटायला आलं, चहाचा पेला पुढे आला, की तो भिंतीकडे बघत म्हणे: नाव बदललं म्हणून एवढी तरी वर्षं मिळाली आम्हाला. नाहीतर सातव्या वर्षीच गेला असता. लोक माना डोलवत. पुर्वांतीही डोलवी. त्या वाक्याला धरून तो माणूस सकाळी उठत होता आणि दुकान उघडत होता. उद्या दुपारी त्याच्या खिशात फोन थरथरेल. तो सुई खाली ठेवेल, फोन लांब धरून, डोळे बारीक करून वाचेल. एकाखाली एक, ओळीने. इंजेक्शन दिलं, दिलं, दिलं. मग एका तारखेपासून खाली सगळीकडे चुकलं, चुकलं, चुकलं. आणि ती तारीख लाल खिरीनंतरची पहिली आहे, हे कळायला त्याला कुणाची मदत लागणार नाही.

तिने 'नंतर' दाबलं. दोघंही पडद्यावरून गेले आणि एक म्हातारा आला, डावीकडे आणि उजवीकडे.

चार वाजता फाटकापाशी हार्जितो मोटारसायकल घेऊन उभा होता. आज दगड सांगायला जायचं होतं. हजारावा दिवस जवळ आला होता. हजाराव्या दिवशी कबरीवरची लाकडी पाटी काढून दगड बसवतात, मग माती खचत नाही, आणि माणूस पुरता गेला असं धरतात. केबाया घातलेली ती एका बाजूला पाय टाकून बसली. वाटभर तिच्या तोंडाशी वाक्यं येत होती. ऐका, उद्या एक निरोप येईल, तो वाचू नका. किंवा, फोन आज माझ्याकडे द्या. किंवा, त्यात चूक आहे, यंत्र नवं आहे, चुका करतं. शेवटचं वाक्य तिला सोपं वाटलं, आणि त्या वाक्याची तिला इतकी लाज वाटली की तिने त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं. त्याच्या सदऱ्याला रेक्झिनचा वास होता. दुकानात आता एकट्याचाच वास.

दगडवाला तुकिमिन पडवीत बसून लवंगी सिगारेट ओढत होता. अंगभर पांढरी धूळ, पापण्यांवरसुद्धा. त्याने दोन-तीन पाट्या दाखवल्या, मग चहा मागवला, दाट, गोड, चटका देणारा, आणि पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "हं, काय लिहायचं?"

"वर जगद," हार्जितो म्हणाला. "खाली वालुयो."

पुर्वांतीने हातातला पेला बशीत ठेवला. कितीतरी वर्षांत त्या तोंडून ते नाव तिने ऐकलं नव्हतं. बाहेर रस्ता होता, गाड्या जात होत्या, कुणी वळून पाहिलं नाही.

"जुळे का हो?" तुकिमिनने विचारलं. "एका दगडात दोन पोरं?"

"नाही. एकच."

"मग दोन नावं कशाला, पाक? एकच आहे तर एकच लिहू. दगडही गच्च दिसणार नाही. जे नाव घेऊन गेला ते."

"दोन्ही लिहा," हार्जितो म्हणाला. "ज्याला दुखणं झालं आणि जो गेला, तो एकच होता."

तुकिमिनने तिच्याकडे पाहिलं. आईने काही म्हणावं म्हणून तो थांबला असावा. तिने मान हलवली. हो. त्याने दगडावर पेन्सिलीने दोन्ही नावं आखली, वर एक, खाली एक, आणि तारखा विचारल्या. जन्माची एक, मरणाची एक. मग माप घ्यायला तो आत गेला.

"पाकने," ती म्हणाली.

"त्या डॉक्टरने विचारलं ना, लहानपणी इंजेक्शनं होती का, तेव्हा मी नाही म्हणालो," हार्जितो म्हणाला. तो दगडाकडेच बघत होता. "खोटं नाही बोललो. वालुयोला कुठे दिलं होतं आपण? एकसुद्धा नाही. मी खरं तेच सांगितलं. मग व्हरांड्यात येऊन बसलो आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं."

"म्हणजे तेव्हापासून तुम्हाला..."

"तेव्हापासूनच."

"मग ते वर्षं मिळाली, वर्षं मिळाली असं का म्हणत राहिलात सगळ्यांना?"

"लोक घरी येतात, चहा पितात. त्यांना काहीतरी सांगावं लागतं." त्याने बशीतला सांडलेला चहा बोटाने पुसला. "आणि तू मान डोलवायचीस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय."

तिला रडू आलं नाही. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं ते नुसतं थकणं, दिवसभर उभं राहिल्यासारखं. इतके दिवस दोघांनी एकाच घरात, एकाच चटईवर, एकच दगड दोन टोकांनी धरला होता आणि दुसऱ्या टोकाला कुणी नाही असं दोघांनाही वाटत होतं. आता ते कळलं, म्हणून तो हलका झाला नाही. माणसं म्हणतात होतो, पण झाला नाही. पोर वाचलं असतं. पांढरं औषध, जाड सुई, दोन दिवस ओढलेला पाय, एवढ्यावर वाचलं असतं. आणि त्यांनी त्याला वाचवायला जे केलं ते मायेनेच केलं होतं, त्यात काडीची कसूर नव्हती.

"उद्या दुपारी तुमच्या फोनवर एक निरोप येईल," ती म्हणाली. "माझ्याच हातून येईल. सगळं त्यात ओळीने असेल."

"येऊ दे."

"वाचाल?"

"वाचेन. मोठ्याने वाचेन. तूही ऐक."

तुकिमिन माप घेऊन आला, दगड कधी तयार होईल ते म्हणाला, आणि दोघांच्या चेहऱ्याकडे बघून छिन्नी शोधू लागला. ऊन उतरलं होतं. हार्जितोने मोटारसायकल रस्त्यावर घेतली. तिचं कमरेचं घट्ट वस्त्र पायात अडकत होतं, बसायला वेळ लागत होता. तिच्या डोळ्यांपुढे तो बाक होता. सगळे गेले होते, झाडूवाली खालून झाडत होती, पिवळ्या सदऱ्यातला तो अजून भोंग्याकडे बघत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली होती आणि हात पुढे करायचं धाडस तिला होत नव्हतं. गाडी चालू झाली. हार्जितोने आरशात बघितलं आणि गल्लीच्या तोंडापासून हाक मारायचा तशी, रस्त्यावरच्या लोकांदेखत, पूर्ण हाक मारली.

"बुने जगद," तो म्हणाला, "नीट धरून बस."

"ओ," ती म्हणाली.